पहिल्या रात्रीचा कागद

गोंदिया जंक्शनहून एक रेल्वेमार्ग उत्तरेस बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे जातो आणि दुसरा दक्षिणेस वडसा, नागभीडवरून चांद्याकडे. आमच्या बहुतेक कुटुंबांचे पूर्वज पहिल्या मार्गाने, किंवा तो होण्याआधी बैलगाडीने, या डोंगराळ मुलखात आले आणि येथलेच झाले. सोयरसंबंध मात्र पुष्कळांनी दुसऱ्या मार्गावर राखले. 1956 पर्यंत तर हा सारा टापू एकाच राजधानीखाली, नागपूरखाली, नांदत होता. वडसा म्हणजेच देसाईगंज. तेव्हा देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली जे घडले ती काही परमुलखाची गोष्ट नव्हे. बिरसा-बैहरच्या आमच्या ठाण्यांसमोर उभे राहिले की ती आम्हांला हटकून आठवते.

ती येथे पुन्हा मांडण्याचे कारण असे की, बलात्काराचा विषय निघाला की आमच्या मंडळींत दोनच मते ऐकू येतात. एक, अपराध्यास भर चौकात फाशी द्यावी. दुसरे, मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे, प्रकरण आपसांत मिटवावे. पुष्कळदा एकच गृहस्थ दोन्ही मते बाळगून असतात. वर्तमानपत्रातल्या प्रकरणाला ते पहिले लावतात आणि गावातल्या प्रकरणाला दुसरे. ही दोन मते परस्परविरोधी आहेत असे आम्हांला वाटत नाही. ठाण्याची पायरी चढून, लाकडी बाकावर तीन तास बसून, तक्रार नीट लिहून घेण्याचे जे कंटाळवाणे काम आहे ते टाळण्याचे हे दोन मार्ग आहेत, इतकेच.

आता देसाईगंजची हकिगत. तारीख 26 मार्च 1972. एक अनाथ आदिवासी मुलगी. वय, वैद्यकीय तपासणीनुसार, चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाजवळ राहणारी, मोलमजुरी करणारी. ज्या घरी ती कामास जाई त्या घरच्या नात्यातील एका तरुणाशी तिचे जमले. भावास ते मान्य नव्हते. त्याने ठाण्यात तक्रार दिली की बहिणीस पळवून नेले आहे. रात्री नवाच्या सुमारास सर्वांना ठाण्यात आणण्यात आले, जबान्या झाल्या आणि साडेदहाच्या सुमारास जबान्या घेणारा हेडकॉन्स्टेबल निघून गेला. मंडळी परत निघाली तेव्हा मुलीस थांबवून घेण्यात आले आणि बरोबरच्यांना बाहेर जाण्यास सांगितले. थोड्या वेळाने त्यांना दिसले की आतला दिवा मालवला आहे आणि दारही लावलेले आहे. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सांगितले की शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्या एका हेडकॉन्स्टेबलने अंगचटी केली. लोक जमले, ठाणे जाळण्याची भाषा झाली, तेव्हा गेलेल्या हेडकॉन्स्टेबलला बोलावून तिची तक्रार लिहून घेण्यात आली.

येथे क्षणभर थांबावे. ही फिर्याद कायद्याच्या कोणत्याही कलमामुळे लिहिली गेली नाही. बाहेर गर्दी होती म्हणून ती लिहिली गेली. ज्या रात्री गर्दी जमली नाही त्या रात्रीचे काय झाले असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

मुलीची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता झाली. अंगावर जखम आढळली नाही. शरीरसंबंधाची पूर्वीची लक्षणे मात्र अहवालात आवर्जून नोंदली गेली. चांद्याच्या सत्र न्यायालयाने 1 जून 1974 रोजी दोघांना निर्दोष सोडले. मुलगी खोटारडी आहे, ती शरीरसंबंधास सरावलेली आहे, संभोग झाला असेल पण तो बलात्कार नव्हे, असा एकंदर सूर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 12 ऑक्टोबर 1976 रोजी तो निकाल फिरविला; शिपायास पाच वर्षांची व हेडकॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली आणि सांगितले की भयापोटी गप्प राहणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 1978 रोजी तोही निकाल रद्द केला. अंगावर जखम नाही, आरडाओरडा नाही, तेव्हा प्रतिकार झाला हे खरे नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती. दोघे सुटले ते कायमचे.

वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. चौघांतील शेवटची दोन नावे आपल्या माणसांची आहेत, ही गोष्ट आमच्या घराघरांत ठाऊक असायला हवी होती. आम्ही विचारले त्या दहांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, आणि रात्रीच्या वेळी ठाण्यात वर्दीच्या माणसासमोर उभ्या असलेल्या गरीब पोरीकडून आरडाओरड्याची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे, असा त्या पत्राचा आशय. त्यातून 1980 साली मुंबईत, नागपुरात, दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर आल्या. फेरविचाराची मागणी फेटाळली गेली. परंतु 1983 साली संसदेने कायदा बदलला. पोलीस कोठडीतील वा सरकारी अधिकाराच्या छायेतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असे ठरले. खटला बंद दाराआड चालावा आणि पीडितेचे नाव छापू नये, हेही त्याच वर्षी आले.

नावाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र शासन' या नावाने नोंदला आहे, आरोपीच्या नावाने. साऱ्या देशाने मात्र तो मुलीच्या नावाने ओळखला, चळवळीनेही, अभ्यासकांनीही. जिच्या नावाचे रक्षण करणारा कायदा तिच्यामुळे आला तिचेच नाव तेवढे उघडे राहिले. आम्ही ते येथे लिहिलेले नाही.

कायदा पुढेही बदलत गेला. फिर्यादी स्त्रीची पूर्वीची चालचलन उकरून काढण्याची वकिलास मुभा देणारे पुरावा कायद्यातील पोटकलम 2002 सालच्या दुरुस्तीने गेले. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अवघ्या महिनाभरात अहवाल दिला आणि 2013 च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले गेले की केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही. देसाईगंजच्या मुलीस हे वाक्य मिळायला 41 वर्षे लागली. त्याच दुरुस्तीने, अशी फिर्याद नोंदविण्यास नकार देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास कमीत कमी सहा महिने सक्तमजुरीची तरतूद झाली. 1 जुलै 2024 पासून नवीन संहिता लागू झाल्या आहेत, त्यांतही हे सारे कायम आहे. फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, घटना कोणत्याही ठाण्याच्या हद्दीतील असली तरी ती घ्यावी, जबानी पीडितेच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे घ्यावी, वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जावा, तपास दोन महिन्यांत पुरा व्हावा, आणि नव्वद दिवसांच्या आत तपास कोठवर आला हे तिला कळवावे. कागदावर यापेक्षा अधिक काय मागावे, हे आम्हांला सुचत नाही.

आणि तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचे प्रमाण सुमारे 27 टक्के होते. शंभरांतील सत्तावीस. आमच्या मध्यप्रदेश विधानसभेने डिसेंबर 2017 मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारास फाशीचे विधेयक मंजूर केले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेल्याचे आम्हांस आठवते. फाशी द्यायची ती त्या सत्तावीसांतून. उरलेल्या त्र्याहत्तरांत काही खरोखर निर्दोष असतील, ते सुटलेच पाहिजेत. परंतु बाकीचे सुटतात ते शिक्षा सौम्य आहे म्हणून नव्हे. ते सुटतात कारण पहिल्या रात्री लिहिलेला कागद उलटतपासणीत टिकत नाही.

या कागदाविषयी आम्हांस थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण वादाचे मूळ तेथे आहे. बैगा किंवा गोंड मुलगी आपल्या बोलीत सांगते. बरोबर आलेला कोणी नातेवाईक ते मोडक्यातोडक्या हिंदीत सांगतो. मुन्शी ते ठाण्याच्या ठराविक, फारसी शब्दांनी भरलेल्या हिंदीत लिहितो. तिने सांगितलेले असते की ती ओरडली नाही, तिचे पाय हालेनात. कागदावर येते की तिने आरडाओरडा केला, कारण मुन्शीस वाटते की त्याने खटला बळकट होईल. वर्षा-दोन वर्षांनी ती बैहरच्या वा बालाघाटच्या न्यायालयात उभी राहते आणि खरे सांगते. बचावाचा वकील कागद वर धरतो. जबानी आणि साक्ष यांत विसंगती! मुलगी खोटी ठरते, देसाईगंजच्या मुलीसारखीच. आणि तिला खोटे पाडणारे वाक्य तिचे नसतेच. आमच्यातील जे वकील आहेत त्यांना हे आमच्याहून अधिक ठाऊक आहे. ते खासगीत सांगतात, लिहीत नाहीत.

दुसरा कागद डॉक्टरांचा, ज्याला इकडे मुलाहिजा म्हणतात. त्या बाबतीत विदर्भाने देशास एक गोष्ट दिली आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 साली या तपासण्यांचा दर्जा किती दयनीय आहे हे सविस्तर अहवालाने दाखवून दिले आणि त्याच्या आधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. 'दोन बोटांची चाचणी' म्हणून जी अपमानकारक रीत चालू होती, तिला 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ठरविले, 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिला मनाई केली, आणि 31 ऑक्टोबर 2022 च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले की यापुढे ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. तीच गोष्ट तीनदा सांगावी लागली यावरून ती किती खोल रुजली होती हे ध्यानी यावे. 1972 च्या अहवालात ज्या 'जुन्या लक्षणां'नी मुलीचा घात केला ती याच रीतीची देणगी. नमुने तीन-चार दिवसांत घ्यावे लागतात, नीट सुकवून बांधावे लागतात, सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत सुखरूप पोहोचावे लागतात. आमच्या भागात, जेथे स्त्री डॉक्टरसाठी घाट उतरून बालाघाट गाठावे लागते, तेथे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

सारेच काळे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच राज्यात 180 ठाण्यांत महिला मदतकक्षांचा एक पद्धतशीर प्रयोग झाला. काही ठाण्यांत कक्ष उघडले, काहींत नाही, आणि दोहोंची तुलना केली. त्याचे निष्कर्ष 2022 साली 'सायन्स' या जगविख्यात पत्रिकेत आले. जेथे कक्ष होते तेथे स्त्रियांच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या, आणि हा फरक मुख्यतः स्त्री अधिकारी जेथे कक्ष चालवीत तेथे पडला. ही 'ऊर्जा' योजना 2021 साली 700 ठाण्यांपर्यंत वाढविण्यात आली. एक स्वतंत्र खोली, एक शिकविलेली स्त्री अधिकारी, एक नोंदवही. फाशीच्या विधेयकापेक्षा या तीन गोष्टींनी अधिक काम केले, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. पेढे मात्र कोणी वाटले नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख हाती घेतला ती. मिटवामिटवी. सर्वोच्च न्यायालयाने 1 जुलै 2015 रोजी 'मध्यप्रदेश शासन विरुद्ध मदनलाल' या प्रकरणात बजावले की बलात्कारात तडजोडीचा विचारही करता येणार नाही. प्रकरण आमच्याच राज्याचे होते, आणि मुलगी सात वर्षांची. पुढे 2020 साली आमच्याच राज्याच्या उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीस जामीन देताना अट घातली की त्याने तक्रारदार स्त्रीच्या घरी मिठाई घेऊन जावे आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी! न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या पीठाने 18 मार्च 2021 रोजी ती अट रद्द केली आणि पीडिता-आरोपींचे समेट घडविण्याच्या वृत्तीवरच कोरडे ओढले. उच्च न्यायालयाच्या आसनावरूनही जर राखी सुचते, तर गावच्या ओसरीवर काय सुचत असेल?

काय सुचते ते आम्ही पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रतिष्ठित घरच्या ओसरीवर अशी बैठक झाली, तीत आम्ही होतो. मुलगी शेतमजुराची, मुलगा आपल्यातला. मुलीचा बाप दाराजवळ उकिडवा बसला होता. यजमान त्यास प्रेमाने, खरोखर प्रेमाने, म्हणाले, 'अरे, तुझ्या पोरीचे नाव कोर्टात जाईल, तिचे लग्न कसे होईल? आम्ही आहोत ना.' तो म्हणाला, 'मालक, तुम्ही म्हणाल तसे.' रक्कम ठरली, चहा आला. मुलगी तेथे नव्हती. तिचे वय किती हे कोणी विचारले नाही; अठराच्या आत असती तर 2012 च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे ते दडविणारे आम्ही सारेच गुन्हेगार ठरलो असतो. आम्हीही विचारले नाही. त्या चहाची आठवण आम्हांस आजही सुखाची नाही. देसाईगंजचा निकाल वाचून हळहळणारे, मोर्चांच्या बातम्या कापून ठेवणारे आम्ही, 'तुम्ही म्हणाल तसे' याला संमती समजून उठलो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो खोट्या तक्रारींचा. आम्ही तो झटकून टाकीत नाही. मुलगी स्वखुशीने कोणाबरोबर निघून गेली की बाप ठाण्यात जाऊन अपहरण आणि बलात्कार लिहवितो, हे सर्वांस ठाऊक आहे. देसाईगंजला तरी काय झाले होते? भावाची ती पहिली तक्रार याच जातीची होती. ती दिली नसती तर मुलगी त्या रात्री ठाण्यात गेलीच नसती. म्हणजे मुलीच्या मनाविरुद्ध ठाण्याचा वापर करणारेही आम्हीच आणि तिच्यावर खरा अत्याचार झाला की ठाण्याची वाट अडविणारेही आम्हीच. दोन्ही वेळा तिला स्वतःला काय सांगायचे आहे हे कोणी ऐकत नाही. जी जबानी तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत, स्त्री अधिकाऱ्यापुढे नीट घेतली जाईल ती खऱ्या अपराध्यास जशी अडकवील तशीच निर्दोष मुलास सोडवीलही. खोट्या तक्रारींची ज्यांना खरोखर चिंता आहे त्यांनी चांगल्या तपासाची मागणी आमच्याहून मोठ्याने केली पाहिजे. ती ते करीत नाहीत, यावरून त्यांची चिंता कशाची आहे हे ओळखावे.

दुसरा आक्षेप असा की आपण इकडे अल्पसंख्य, ठाण्याशी, तहसीलीशी वैर कशाला? हा आक्षेप आम्हांस थोडा गमतीचा वाटतो. जमिनीच्या फेरफारासाठी आमची मंडळी तहसीलीत रोज भांडतात. वीज मंडळाशी पत्रव्यवहाराच्या फायली घरोघरी आहेत. चार पिढ्या येथे राहून ठाणेदार आम्हांस खुर्ची देतो, डॉक्टर आमच्या घरी जेवतात, वकील तर आमच्यातलेच. ही ओळखदेख आजवर प्रकरण दाबण्याच्या कामी आली. तीच, ठाण्यातील बाकावर त्या मुलीच्या आईशेजारी जाऊन बसण्याच्या कामी का येऊ नये? जबानी तिला तिच्या बोलीत वाचून दाखविली का, फिर्यादीची प्रत तिला विनामूल्य मिळाली का, तपासणीस तिची संमती विचारली का, एवढेच पाहायचे. ठाण्याने घेतले नाही तर पोलीस अधीक्षकांस लेखी कळविता येते, तेथेही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येते. ते अर्ज लिहिण्याइतके अक्षर आमच्या प्रत्येक घरी आहे. आमच्यातील वडीलधाऱ्या स्त्रिया, ज्यांपैकी कित्येकींनी आयुष्यभर शाळांत शिकविले आणि ज्यांना गोंडी उत्तम कळते, या कामास पोलिसांहून योग्य आहेत. त्यांना कोणी विचारलेले नाही. दोघींना आम्ही विचारले. एक म्हणाल्या, 'येईन, पण घरच्यांना तुम्ही सांगा.' दुसऱ्या काही बोलल्या नाहीत, पण आठ दिवसांनी निरोप आला की येतील.

मंडळाच्या येत्या सभेत हा विषय घ्यावा असे पत्र आम्ही चिटणिसांस दिले आहे. गोंडी जाणणाऱ्या व सोबत जाण्यास तयार असलेल्या स्त्रियांची यादी करावी, ती ठाण्याच्या महिला कक्षास व तालुक्याच्या विधी साहाय्य समितीस द्यावी, आणि अशा प्रकरणांतील समेटाच्या बैठकीस मंडळाचा कोणीही सभासद बसणार नाही असा ठराव करावा, एवढीच त्यात मागणी आहे. ठरावास विरोध होईल हे आम्ही जाणून आहोत. ज्यांच्या ओसरीवर ती बैठक झाली तेही सभासद आहेत.